ती गोष्ट माझी नव्हती

रात्री आठची वेळ म्हणजे आमच्या इंदूरच्या घरात मोठी गडबडीची. गॅसवर वरण उकळत असतं, बाहेरच्या खोलीत ह्यांच्या बातम्या चालू असतात आणि आतल्या खोलीत सासूबाई उद्याची भाजी निवडत बसलेल्या असतात. त्याच आतल्या खोलीत, कॉटच्या कडेला टेबल लावून, मी संगणकासमोर बसते आणि शिकवते. "ऐकू येतंय ना सगळ्यांना?" हे माझं रोजचं पहिलं वाक्य.

चोवीस वर्षं मी कॉलेजात व्यवस्थापन हा विषय शिकवत आले. फळा, खडू आणि समोर साठ चेहरे, एवढंच माझं जग. कोणाला समजलं, कोणाला झोप आली, कोण बाकाखाली डबा उघडतंय, सगळं एका नजरेत दिसायचं. मग २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी आली आणि ते जग एका रात्रीत बंद झालं. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑनलाइन अभ्यासक्रमांचे नवे नियम केले. पुढे आमच्या संस्थेनेही नोकरी करणाऱ्यांसाठी पदव्युत्तर अभ्यासक्रम सुरू केला आणि संध्याकाळचा वर्ग माझ्या वाट्याला आला.

आपल्याकडे घरबसल्या शिकणं काही नवं नाही. दिल्ली विद्यापीठाने टपालाने शिक्षण १९६२ मध्येच सुरू केलं होतं. इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ मध्ये निघालं आणि नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ मध्ये. माझ्या धाकट्या नणंदेने दोन मुलं सांभाळून असंच बी. ए. केलं. पण तिच्या हातात छापील पुस्तकं होती आणि वेळ तिच्या सोयीची होती. माझ्या वर्गात मात्र सगळ्यांनी एकाच वेळी, आपापल्या गावी, आपापल्या घरात बसायचं होतं. त्रेसष्ट नावं होती. रायपूरचा बँकेतला कारकून, नागपूरच्या रुग्णालयातली परिचारिका, हुबळीला दुकान चालवणारा गृहस्थ, विदर्भातल्या एका गावच्या पतसंस्थेत हिशेब सांभाळणारी मुलगी. नावं दिसत होती, माणसं दिसत नव्हती. पडद्यावर नुसते काळे चौकोन!

मी पन्नास मिनिटं बोलायची. मध्येच विचारायची, "काही शंका?" उत्तर नाही. "समजलं?" तरीही शांतता. शेवटी कोणीतरी "येस मॅडम" एवढं लिहायचं आणि वर्ग संपायचा.

एकदा वर्ग संपल्यावर सासूबाई गवारीच्या शेंगा मोडता मोडता म्हणाल्या, "अगं, तू एकटीच बोलत असतेस. पलीकडे कोणी आहे ना नक्की?"

मी हसले, पण रात्री झोप लागली नाही. खरंच, पलीकडे कोणी होतं का?

त्या दिवाळीत धाकट्या दिरांचा दहा वर्षांचा मुलगा आमच्याकडे आला होता. दिवसभर मोबाइलमध्ये डोकं. रात्री सासूबाईंनी त्याला बळेबळे शेजारी बसवलं आणि विक्रम-वेताळाची गोष्ट सुरू केली. एका मुलीला तीन मागण्या येतात आणि लग्नाआधीच ती मुलगी मरते. एक जण तिच्या अस्थी गंगेवर नेतो, दुसरा तिच्या चितेच्या राखेवरच झोपून राहतो आणि तिसरा देशोदेशी हिंडून मेलेल्याला उठवणारा मंत्र आणतो. मुलगी जिवंत होते. "आता सांग, ती बायको कोणाची?" एवढं विचारून सासूबाई गप्प बसल्या.

मुलाने मोबाइल खाली ठेवला. "ज्याने मंत्र आणला त्याची!"

"का?"

"त्यानेच तर तिला जिवंत केलं!"

"मग जन्म देणारा तो बाप झाला की नवरा?"

पोरगा चक्रावला. मग जी वादावादी सुरू झाली, ती अर्धा तास चालली. ह्यांनी बातम्या बंद केल्या आणि तेही वादात उतरले. मी दारात उभी राहून बघत होते. सासूबाईंनी अर्ध्या तासात शिकवलं काहीच नव्हतं. एक गोष्ट सांगितली होती आणि नेमक्या जागी थांबून प्रश्न विचारला होता.

हे तंत्र मला नवं होतं असं नाही. अमेरिकेतल्या हार्वर्डच्या विधी महाविद्यालयात लँग्डेल नावाच्या प्राध्यापकांनी १८७० मध्ये व्याख्यानं बाजूला ठेवून खरे खटलेच मुलांपुढे टाकले आणि "तुम्ही सांगा" म्हटलं. पुढे हार्वर्डच्या व्यवस्थापन विद्यालयाने ही पद्धत उचलली. आपल्या अहमदाबादची भारतीय व्यवस्थापन संस्था १९६१ मध्ये सुरू झाली, ती हार्वर्डच्याच सहकार्याने, आणि तिथे केस चर्चेवरच शिक्षणाचा भर राहिला. हे सगळं मी परीक्षेत लिहून गुण मिळवले होते. पण केस म्हणजे अर्धगोलाकार वर्गात, एकमेकांच्या डोळ्यांत बघून करायची चर्चा, अशी माझी समजूत. काळ्या चौकोनांशी कसली चर्चा करायची!

तरी एकदा करून बघायचं ठरवलं. दोन पानांची केस लिहिली. एका औषधाच्या दुकानात बावीस वर्षं काम करणारा माणूस आहे, मालकाचा मुलगा शिकून आला आहे आणि त्याला सगळा हिशेब संगणकावर हवा आहे. जुन्या माणसाला संगणक येत नाही, पण गावातलं प्रत्येक गिऱ्हाईक त्याच्या नावाने दुकानात येतं. सोमवारी सकाळी मालकाला निर्णय द्यायचा आहे. एवढंच. पुढे काय झालं ते लिहिलं नाही.

केस तीन दिवस आधी पाठवली आणि एक अट घातली. वर्गात येण्यापूर्वी प्रत्येकाने आपला निर्णय पाच ओळींत लिहून पाठवायचा; दुसऱ्याचं वाचण्याआधी आपलं लिहायचं. ही अट फार महत्त्वाची, हे मला नंतर कळलं. आधी दुसऱ्याचं वाचलं की माणूस "मीही सहमत आहे" म्हणून मोकळा होतो. स्वतःच्या हाताने काही लिहिलं, की ते राखायला तो भांडतो.

वर्गाच्या दिवशी मी त्यांचे सहा-सहा, सात-सात जणांचे गट केले. कोणी मालक, कोणी मुलगा, कोणी तो जुना माणूस, अशा भूमिका वाटून दिल्या. आणि मी गप्प बसले. चोवीस वर्षांच्या मास्तरकीत मला सर्वांत जड गेलेलं काम हेच! पहिली दोन मिनिटं कोणी बोलेना. मग हुबळीचे दुकानदार गृहस्थ एकदम म्हणाले, "मॅडम, पुस्तकात काय लिहिलंय ते मला माहीत नाही, पण माझ्या दुकानात असाच एक माणूस आहे." त्या रात्री वर्ग दहाला संपला. वरण करपलं. कोणी तक्रार केली नाही.

तेव्हापासून मी शिकत गेले. ऑनलाइन वर्गात बोलण्याइतकंच लिहिणंही कामाचं असतं. ज्याचं इंटरनेट दर पाच मिनिटांनी तुटतं, जिला स्वयंपाकघरातून बोलायचा संकोच वाटतो, जो चारचौघांत तोंड उघडत नाही, अशांना लेखी चर्चेसाठी आठवडाभर मोकळीक दिली, तर तेच सर्वांत नेमकं लिहितात. नागपूरच्या परिचारिका रात्रपाळी संपवून सकाळी सहाला लिहायच्या. गुण निर्णयाला द्यायचे नाहीत, कारणांना द्यायचे. आणि सगळं आटोपल्यावर दहा मिनिटं तरी शिक्षकाने धागे जुळवून द्यायचे, नाहीतर चर्चा म्हणजे पारावरच्या गप्पा होतात.

दीड वर्ष असं छान चाललं. माझं नाव झालं. संस्थेने इतर शिक्षकांना माझा वर्ग बघायला सांगितलं. आणि इथेच माझा पाय घसरला.

त्या विदर्भातल्या मुलीचा एकदा मला फोन आला होता. अभ्यास वेळेवर देता आला नाही म्हणून माफी मागायला तिने फोन केला आणि बोलता बोलता बांध फुटला. तिचं बाळ तेव्हा सात महिन्यांचं होतं. बाळंतपणाची रजा संपवून ती कामावर आली, तर शाखाप्रमुखाची जागा तिच्याहून चार वर्षांनी कनिष्ठ असलेल्या माणसाला मिळाली. कारण काय, तर "या सहानंतर थांबत नाहीत." वास्तविक ३१ मार्चला वार्षिक हिशेब बंद करायला ती रात्री अकरापर्यंत थांबली होती. घरी बाळाला ताप होता. दर अर्ध्या तासाने ती कचेरीच्या मागच्या जिन्यात जाऊन घरी फोन लावायची. सासू फोन बाळाच्या नाकाशी धरायची. बाळाचा श्वास ऐकायचा, डोळे पुसायचे आणि परत हिशेबाला बसायचं.

चाळीस मिनिटं मी ऐकत होते. शेवटी ती म्हणाली, "बरं वाटलं मॅडम, बोलून."

पुढे २०२३ च्या जानेवारीत "कामाचं मूल्यमापन आणि बढती" हा भाग शिकवायचा होता. मला केस हवी होती. कायद्याची बाजू माझ्याजवळ तयार होती: २०१७ च्या दुरुस्तीने बाळंतपणाची रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर नेली, हे सांगायचं होतं. पण रजा मिळाली तरी रजेनंतर काय होतं, हे कायद्याच्या कलमात दिसत नाही. त्यासाठी माणूस लागतो. आणि माणूस माझ्याजवळ होता.

मी पतसंस्थेचा दूध संघ केला. राज्य बदललं, बाळाचं वय बदललं, पद बदललं. पण तो जिन्यातला फोन मला सोडवेना. केसमध्ये जीव होता तो त्यानेच. तुम्हाला खोटं कशाला सांगू, लिहून झाल्यावर मी ती केस दोनदा वाचली आणि स्वतःवर खूश झाले. तिला विचारावं, असं क्षणभरही मनात आलं नाही. नावगाव तर बदललंय, मग कोणाला कळणार?

जिची गोष्ट होती तिला पहिल्याच वाचनात कळलं.

आणि चर्चा? चर्चा जोरात झाली. ज्यांना ती बाई म्हणजे कागदावरची एक बाई वाटत होती, त्यांनी तिला सोडलं नाही. "लक्ष घरी आणि पगार कचेरीचा, हे कसं चालेल?" रायपूरच्या कारकुनांनी लिहिलं. "मूल आजारी असताना जिन्यात जाऊन फोन करण्यापेक्षा घरीच थांबायचं," असं एका बाईंनी लिहिलं. बारा-तेरा जणांनी त्याखाली अंगठे उमटवले. मी मनात म्हणत होते, वा! आज वर्ग रंगला.

त्या मुलीचं नाव चर्चेत कुठेच नव्हतं. दुसऱ्या दिवशी नव्हतं, तिसऱ्याही दिवशी नाही. वर्गातही आली नाही. मी फोन केला, तिने उचलला नाही. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला आणि हातपाय गार झाले. चौथ्या दिवशी तिचाच फोन आला. आवाज शांत होता, तोच मला जास्त लागला.

"मॅडम, मी तुम्हाला ते मन मोकळं करायला सांगितलं होतं. अभ्यासाला नाही."

यावर काय बोलणार? मी माफी मागितली. "आत्ताच्या आत्ता ती केस काढून टाकते," म्हटलं.

"नको," ती म्हणाली. "मध्येच काढलीत तर सगळे विचारतील का काढली. मग शोधतील कोणाची होती. अजून तीन दिवस आहेत ना, संपू द्या. पण एक करा. जे लिहितायत, त्यांना एकदा त्या जिन्यात उभं करा."

फोन ठेवल्यावर मी बराच वेळ तशीच बसून होते. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं गं?" मी सगळं सांगितलं. त्या थोडा वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "वेताळ राजाला राजाचीच गोष्ट नाही हो सांगत. दुसऱ्याची सांगतो, म्हणून राजा न्याय करू शकतो."

किती साधी गोष्ट! आणि चोवीस वर्षं शिकवून मला ती कळली नव्हती. आपण बायका काय किंवा पुरुष काय, दुसऱ्याच्या संसाराची केस रोजच चघळत असतो. भिशीत, लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात. "अगं, तुला सांगते, नाव नाही घेत..." असं म्हणून आपण नाव सोडून सगळं सांगतो. मग माझ्या केसमध्ये आणि त्या कुजबुजीत फरक काय राहिला? फरक दोनच गोष्टींनी पडतो. एक, जिची गोष्ट तिला आधी विचारणं. आणि दोन, ऐकणाऱ्याला न्यायाधीशाच्या खुर्चीतून उठवून त्या माणसाच्या जागी बसवणं. पहिली गोष्ट मी केलीच नव्हती. दुसरी अजून हातात होती.

मी सगळ्यांना कळवलं: आतापर्यंत ज्यांनी त्या बाईंच्या विरुद्ध लिहिलं, त्यांनी आता त्या बाईंच्या जागेवरून व्यवस्थापकांना पत्र लिहायचं. ज्यांनी बाजूने लिहिलं, त्यांनी व्यवस्थापकांच्या जागेवरून उत्तर लिहायचं. काही जण कुरकुरले. चार-पाच पत्रं अगदी गुळगुळीत आली, यंत्राकडून लिहून घेतल्यासारखी. पण रायपूरच्या कारकुनांचं पत्र तिसऱ्या दिवशी रात्री उशिरा आलं. सहाच ओळी होत्या. शेवटी लिहिलं होतं, "हे पत्र मला लिहिता येईना म्हणून बायकोला विचारलं. ती शाळेत शिक्षिका आहे. तिने जे सांगितलं, ते मला नऊ वर्षांत माहीत नव्हतं."

तिने काय सांगितलं, ते त्यांनी लिहिलं नव्हतं. मीही विचारलं नाही. एवढं तरी शिकले होते.

ती मुलगी पुढच्या आठवड्यात वर्गात आली. काळा चौकोन, बंद आवाज. पण आली. मी सत्र संपेपर्यंत तिला एकही प्रश्न थेट विचारला नाही. सत्र संपल्यावर ती केस मी माझ्या संगणकावरूनही काढून टाकली आणि नव्या तुकडीसाठी एक नियम केला, तोही आधी स्वतःसाठी: खऱ्या माणसाची गोष्ट त्या माणसाने वाचून होकार दिल्याशिवाय वर्गात येणार नाही. होकार नसेल, तर ती कितीही चांगली असो, माझ्या कामाची नाही. आणि होकार दिल्यावरही त्याला तो केव्हाही मागे घेता येईल.

सहा महिने गेले. एक दिवस टपालाने एक जाड लिफाफा आला. आत हाताने लिहिलेली चार पानं. त्या मुलीने स्वतः केस लिहिली होती. गोष्ट तीच, ३१ मार्चची. पण ती स्वतःच्या जागेवरून नव्हती. ज्यांनी तिची बढती नाकारली, त्या सचिवांच्या खुर्चीतून होती. त्या गृहस्थांची पत्नी तीन वर्षं अंथरुणाला खिळलेली. तरी ते रोज रात्री नऊपर्यंत कचेरीत थांबायचे. त्यांच्या मनात एकच हिशेब: मी थांबतो, मग हिने का थांबू नये? आपल्यासारखंच दुसऱ्यालाही घर आहे, हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. आपण ते गिळलं तसं दुसऱ्यानेही गिळावं, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

सोबत चिठ्ठी होती. "मॅडम, मी त्यांना विचारलं. आधी विचारलं. दोन दिवस कागद ठेवून घेतले त्यांनी. मला वाटलं आता नोकरी जाते. मग परत दिले. पेन्सिलीने एकच दुरुस्ती केली होती, 'नऊ'चे 'साडेनऊ' केले होते. पुढच्या तुकडीला द्यायला हरकत नाही. आमच्या तुकडीला नको."

पुढच्या तुकडीत ती केस चालली. मी आजवर चालवलेल्या केसमधली ती सर्वांत अवघड, कारण तिच्यात कोणाला शिव्या घालून मोकळं होता येत नाही. सोमवारी सकाळी त्या सचिवांनी काय करावं, यावर दर वर्षी वर्गाचे सरळ दोन तट पडतात, आणि मला अजून उत्तर ठाऊक नाही.

तुम्ही विचाराल, मुलीच्या बढतीचं काय झालं? पुढच्या वर्षी दुसऱ्या शाखेत जागा निघाली आणि तिने अर्ज केला. हा लेख छापायला देण्याआधी मी तिला पाठवला होता. दोन तपशील बदलायला तिने सांगितलं, ते बदलले. जिन्यातला फोन मी गाळला होता, तो तिनेच परत घालायला लावला. अर्जाचा निकाल मात्र इथे लिहीत नाही. तेवढी परवानगी मी मागितलेली नाही.